नाव नामशेष, फूल ठणठणीत

पश्चिम इक्वेडोरमध्ये, अँडीजच्या पायथ्याशी सेंटिनेला नावाची एक डोंगरधार आहे. ढगांत भिजणारं तिथलं जंगल शेतीपायी 1980च्या दशकापर्यंत जवळपास साफ झालं. आधी गोळा करून ठेवलेल्या वाळक्या नमुन्यांतून 2000 साली लॉरेन्स स्कॉग आणि लार्स क्विस्ट यांनी एक नवी जात जाहीर केली. जंगलच नाही तर झाड कुठून राहणार? मग बारशातच श्राद्ध उरकलं! नाव ठेवलं गॅस्टेरॅन्थस एक्स्टिंक्टस. एक्स्टिंक्टस, म्हणजे नामशेष.

नोव्हेंबर 2021. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले आणि इक्वेडोरचे संशोधक उपग्रहचित्रांवर हिरवे ठिपके हेरून तिथे पोहोचले. पहिल्याच दिवशी बाईसाहेब हजर! भडक केशरी रंग, खाली सुटलेलं पोट आणि वर परागवाहकांपुरतं इवलंसं तोंड. (आपल्या खिडकीतल्या आफ्रिकन व्हायोलेटच्याच कुळातली ही.) पृथ्वीवर एवढीच झाडं उरली असली तर, या धास्तीने सुरुवातीला फक्त फोटो काढले आणि गळून पडलेली फुलं तेवढी उचलली.

आता नाव बदलणार? छे! नाव शोभत नाही म्हणून ते रद्द करायची सोय नामकरणाच्या नियमांत नाही.

आता थोडं या वाळक्या दप्तराबद्दल. हर्बेरियममध्ये झाडाची फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवतात आणि जाड कागदावर चिकटवतात किंवा दोऱ्याने टाचतात. कोपऱ्यात चिठ्ठी: कुणी, कुठे, कधी, किती उंचीवर. फुलाचा रंगही लिहावा लागतो, कारण वाळल्यावर केशरी काय नि जांभळं काय, बऱ्याचदा सगळं तपकिरीच. ढगांच्या जंगलात हवा इतकी ओली की नमुना वाळण्याआधीच बुरशी धरतो. त्यावर उपाय दारूचा! म्हणजे वर्तमानपत्रांचा अख्खा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अल्कोहोलने भिजवायचा आणि सुकवायचं काम गावात पोहोचल्यावर. सेंटिनेला गाजवणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ ऑल्विन जेन्ट्रीने आयुष्यात असे 80,000 च्या आसपास नमुने जमवले. 1993 साली इक्वेडोरमध्येच पाहणी करताना विमान कोसळून तो गेला.

जेन्ट्री आणि त्याचा सहकारी कॅलवे डॉडसन यांचा अंदाज होता की फक्त सेंटिनेलावरच वाढणाऱ्या नव्वदेक जाती जंगलाबरोबर संपल्या. जीवशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सनच्या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभर पोहोचली. 2024 साली मात्र जगभरच्या हर्बेरियमांतले नमुने पुन्हा तपासल्यावर कळलं की त्यांतल्या जवळपास सगळ्या जाती इतरत्रही आहेत. काहींचे कागद तर दुसऱ्याच कपाटांत कधीचे पडून होते. जंगल मात्र खरंच गेलंय. पश्चिम इक्वेडोरमधलं 97 टक्क्यांहून जास्त रान तोडलं गेलंय, तेव्हा लगेच पेढे वाटायला नकोत.

आणि सगळ्यात मजा म्हणजे, आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर हौशी मंडळींनी टाकलेल्या काही बिननावाच्या फोटोंतही हेच फूल निघालं. 'नामशेष' झाड मोबाइलवर आरामात फिरत होतं!