कोरोनात शरीराचा ‘ब्रेक’ कोण लावतो? प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींची गोष्ट

कोरोनाच्या काळात ‘इम्युनिटी वाढवा’ हा सल्ला घराघरात पोहोचला. काढे झाले, हळदीचे दूध झाले, व्हिटॅमिनच्या गोळ्या झाल्या. पण त्याच वेळी दवाखान्यात ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, म्हणजे स्टेरॉईड, देत होते. बाहेर वाढवा म्हणायचे आणि आत दाबायचे, हा काय प्रकार, असा प्रश्न तेव्हा अनेक नातेवाइकांना पडला होता. त्याचे उत्तर शरीरातल्याच काही पेशींत आहे. या पेशींचे काम लढण्याचे नसून लढाई आवरण्याचे असते.

ब्रेक लावणाऱ्या पेशी

विषाणू शरीरात शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. त्यातल्या टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना शोधून मारतात. पण हा हल्ला वेळेत थांबला नाही तर धड पेशींचेही नुकसान होते. म्हणून शरीराने आवर घालणाऱ्या वेगळ्या टी पेशी ठेवल्या आहेत. त्यांना नियामक टी पेशी, थोडक्यात ‘टी-रेग’ म्हणतात. चोर्ला घाट उतरताना ड्रायव्हरला ॲक्सिलरेटरपेक्षा ब्रेकची काळजी जास्त असते, तसेच हे.

जपानचे शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. अमेरिकेतील मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये ‘फॉक्सपी-3’ हे जनुक शोधले. या पेशी घडतात त्या याच जनुकाच्या हुकमाने, हे त्यानंतर दोन वर्षांनी स्पष्ट झाले. या कामासाठी तिघांना 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ब्रेक नसला तर काय होते, हे एका दुर्मीळ आजारात दिसते. काही मुलगे जन्मतःच या जनुकात बिघाड घेऊन येतात. त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर, कातडीवर, स्वादुपिंडावर हल्ला करते. तान्ह्या वयातच मधुमेह होतो. म्हणजे प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, हे गणित शरीराला लागू होत नाही.

कोरोनात काय बिघडते?

आजाराचे साधारण दोन टप्पे असतात. पहिल्या आठवड्यात विषाणू वेगाने वाढतो. या वेळी प्रतिकारशक्तीने जोरात काम करणे गरजेचे असते. बहुतेक जण इथेच बरे होतात. काही रुग्णांची तब्येत मात्र सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास अचानक ढासळते. तेव्हा नुकसान करतो तो मुख्यतः शरीराचाच भडका. पेशी एकमेकींना इशारा देणारी रसायने सोडतात, त्यांना सायटोकाईन म्हणतात. त्यांचा पूर आला की फुप्फुसाला सूज येते, पाणी भरते आणि ऑक्सिजन खाली येतो.

अशा वेळी टी-रेग पेशींनी भडका शमवायला हवा. त्या ‘आयएल-10’ नावाचे शांत करणारे रसायन सोडतात आणि हल्लेखोर पेशींना वाढीसाठी लागणारा संदेश स्वतःच शोषून घेतात. फ्लू झालेल्या उंदरांवरील अभ्यासात तर त्या फुप्फुसाची डागडुजी करायलाही मदत करतात, असे दिसले आहे.

कोरोनाच्या गंभीर रुग्णांत मात्र चित्र सरळ नाही. काही अभ्यासांत या पेशी कमी आढळल्या, तर काहींत उलट वाढलेल्या आणि स्वभाव बदललेल्या. कॅन्सरच्या गाठीत टी-रेग जशा दिसतात, तशा त्या दिसत होत्या. शिवाय आवर घालण्याबरोबर भडका वाढवणारे संदेशही देत होत्या. त्यामुळे रक्तात या पेशी मोजून रुग्णाचे काय होणार ते सांगता येईल, इतके हे सोपे नाही.

दुसरी टोळी अस्थिमज्जेतून

आवर घालणाऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार आहे. मोठी सूज आली की हाडाच्या आतल्या मगजातून, म्हणजे अस्थिमज्जेतून, घाईघाईने अर्धवट तयार झालेल्या पांढऱ्या पेशी बाहेर पाठवल्या जातात. कॅन्सरच्या रुग्णांत त्या आधीपासून माहीत होत्या. टी पेशींना लागणारे ‘आर्जिनिन’ हे अमिनो आम्ल त्या संपवून टाकतात. जेवणच नाही म्हटल्यावर टी पेशी थकतात. गंभीर कोरोना रुग्णांत या पेशी वाढलेल्या आढळल्या. म्हणजे एकीकडे फुप्फुसात भडका आणि दुसरीकडे विषाणूला मारणाऱ्या टी पेशी थंड, अशी दुहेरी कोंडी होते.

औषध एकच, परिणाम दोन

आता स्टेरॉईडकडे येऊ. डेक्सामेथासोन म्हणजे बाहेरून लावलेला ब्रेकच. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून 2020 मध्ये त्याचा हिशेब मांडला. रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत 28 दिवसांतील मृत्यू शंभरात सुमारे 41 वरून 29 वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत 26 वरून 23 वर.

ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा झाला नाही. त्यांच्यात औषध घेणाऱ्यांत मृत्यू शंभरात सुमारे 18, न घेणाऱ्यांत 14 होते. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण नुकसानीची शक्यता त्यात नाकारता येत नाही. कारण उघड आहे. विषाणू वाढत असताना ब्रेक लावला, तर तोच मोकाट सुटतो.

2021 च्या दुसऱ्या लाटेत याची किंमत मोजावी लागली. गरज नसताना, जास्त डोसात आणि जास्त दिवस स्टेरॉईड घेतले गेले. त्याने साखर वाढते आणि बुरशीशी लढणाऱ्या पेशीही मंदावतात. मधुमेही रुग्णांत म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी पसरली. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये रुग्ण सर्वाधिक होते. अॅम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी नातेवाइकांची वणवण झाली. कित्येकांचा डोळा किंवा जबडा काढावा लागला.

घरी काय लक्षात ठेवायचे?

ताप आला की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्टेरॉईड आणण्याची सवय आजही अनेक ठिकाणी आहे. ती धोक्याची आहे. ऑक्सिजन नीट असताना कोरोनासाठी स्टेरॉईड लागत नाही. ऑक्सिमीटरवर आकडा 94 च्या खाली जाऊ लागला किंवा धाप लागली, तर दवाखाना गाठावा आणि औषध डॉक्टरांनीच ठरवावे. मधुमेह असेल तर स्टेरॉईड सुरू असताना साखर वरचेवर तपासावी.

दमा, संधिवात किंवा किडनी प्रत्यारोपणासाठी ज्यांची स्टेरॉईड आधीपासून चालू आहेत, त्यांनी कोरोनाच्या भीतीने ती स्वतःहून बंद करू नयेत. अचानक बंद केल्यानेही जीव धोक्यात येतो. अशा रुग्णांनी ताप येताच, पहिल्याच दिवशी, आपल्या डॉक्टरांना फोन करावा. त्यांच्या शरीरात विषाणू जास्त दिवस टिकू शकतो, त्यामुळे त्यांच्यासाठी सुरुवातीचे दिवस फार महत्त्वाचे असतात.