परक्या लेकरासाठी गोधडी

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आमच्या सीमाभागात मराठी घरातली गोधडी शेजारच्या कन्नड घरात ‘कौदी’ होते. नाव निराळे, रीत एकच: जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांवर धावदोरा. आजवर ती बहुधा आपल्याच नातवंडांसाठी शिवली गेली.

अमेरिकेत या कलेला निराळी वाट सापडली. १९९५ साली कॅरन लाउक्स या बाईंनी ‘प्रोजेक्ट लायनस’ हे कार्य आरंभिले. स्वयंसेवक आजारी मुलांना हाताने केलेली पांघरुणे विनामूल्य देतात. चित्रमालिकेतील, पांघरूण कधीही न सोडणाऱ्या लायनस या मुलाचे नाव त्याला दिले आहे. अशा वस्तूचे मर्म इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांनी त्यापूर्वीच उलगडले होते: आई दृष्टिआड झाली की ओळखीची मऊ वस्तू बालकाला धीर देते. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आईचा हात सुटतो, तेव्हा या धीराचे मोल कळते.

मात्र रुग्णालयात नुसती माया पुरत नाही. कापड नवे, सुती व धुतलेले असावे. मणी, टिकल्या, राहिलेल्या टाचण्या नसाव्यात. वारंवार धुता यावी म्हणून गोधडी पातळ शिवावी. डॉक्टरांची संमती आधी घ्यावी आणि गोधडी मुलाला कायमची द्यावी.

उपचारासाठी आमच्याकडील मुलांना कलबुरगी, सोलापूर, हैदराबाद गाठावे लागते. तेथील भाषा त्यांना परकी वाटेल. गोधडीला दुभाषी लागत नाही. आमच्या भगिनींनी वर्षाकाठी एक तरी गोधडी अशा लेकरासाठी शिवावी, एवढीच आमची विनंती.