निकालाचा फलक आणि ज्येष्ठता यादी

‘दहावीचा निकाल 98 टक्के’ हा फाटकावरचा फलक पालकांसाठी असतो. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरणाऱ्या उमेदवाराने त्यावर फार विसंबू नये. 2025 साली राज्याचाच निकाल 94.10 टक्के लागला आणि कोकण विभागाचा 98.82. म्हणजे त्या वर्षी कोकणातली 98 टक्क्यांची शाळा विभागाच्या सरासरीपेक्षाही खाली होती. नोकरी करायला शाळा कशी आहे, हे वेगळ्याच कागदांवरून कळतं.

पहिला कागद वेळापत्रकाचा. ‘आमच्याकडे 30 मुलांमागे एक शिक्षक’ असं संस्थाचालक सांगतात, तेव्हा वर्गातही 30 मुलं असतील असं आपण धरून चालतो. हिशेब करून बघा. 600 विद्यार्थी, 20 शिक्षक, आठवड्याला 48 तासिका. प्रत्येक शिक्षकाने 36 तासिका घेतल्या तर एकूण 720 होतात. त्यांत 15 तुकड्या चालतात आणि तुकडीत 40 मुलं बसतात. तासिका 30 केल्या तर साडेबारा तुकड्याच भागतात आणि वर्गातली मुलं 48 होतात. गुणोत्तर दोन्हीकडे 30 च. म्हणून ‘तासिका किती?’ आणि ‘तुकडीत मुलं किती?’ हे दोन प्रश्न एका दमात विचारावेत. एकाचं उत्तर ऐकून खूश होऊ नये.

गंमत वह्यांची आहे. गणिताला तुकडीमागे आठवड्याला सहा तासिका धरल्या, तर पहिल्या शाळेत सहा तुकड्यांच्या 240 वह्या होतात आणि दुसऱ्या शाळेत पाच तुकड्यांच्या, त्याही 240 च! वहीला दोन मिनिटं दिली तरी आठ तास लागतात. हा गठ्ठा हलका करायचा तर शिक्षकच वाढवावे लागतात, वेळापत्रक कितीही फिरवून उपयोग नाही.

पण शिक्षक मुळात पुरेसे आहेत का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 26 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत रिक्त पदं मंजूर पदांच्या 10 टक्क्यांवर जाता कामा नयेत. दहा पदांच्या शाळेत दोन रिकामी असली की 20 टक्के झाले, आणि त्या दोघांचे तास उरलेल्या आठांच्या ऑफ तासिकांमधून निघतात. 2024-25 च्या यूडायस नोंदीनुसार देशात 1,04,125 शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांत साधारण 33.76 लाख मुलं शिकतात. शाळेमागे सरासरी 32. आकडा कागदावर देखणा दिसतो. पण 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेलाही कायद्याने दोन शिक्षक हवेत, कारण चार-पाच इयत्ता, पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती हे सगळं नाहीतर एकट्या शिक्षकावर येतं. तो रजेवर गेला की शाळा कोणी उघडायची?

पगाराचा भाग थोडक्यात. प्राथमिक शिक्षण सेवकाला 2023 पासून महिना 16,000 रुपये मानधन आहे, तेही तीन वर्षं. नियमित वेतनश्रेणीतलं सुरुवातीचं मूळ वेतन 29,200. मूळ वेतनातला फरकच 36 महिन्यांत 4,75,200 रुपयांचा होतो. खासगी शाळेत आधी अनुदानाचा टप्पा विचारावा. माध्यमिकच्या पदवीधर शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 38,600. शाळा 20 टक्के अनुदानावर असेल तर सरकारकडून त्याचे 20 टक्के म्हणजे 7,720 येतात. बाकीचे 80 टक्के संस्था देणार का, हे स्पष्ट विचारायला लाजू नये.

तरीही मला एकच कागद बघायला मिळणार असेल, तर मी ज्येष्ठता यादी मागेन. खासगी शाळांना ती सेवाशर्तींच्या 1981 च्या नियमावलीनुसार ठेवावीच लागते. तिच्यात रुजू झाल्याची तारीख असते. 20 नावांपैकी नऊ जण गेल्या तीन वर्षांतले निघाले आणि तुकड्या काही वाढलेल्या नसतील, तर नऊ माणसं गेली कुठे? बहुतेक निवृत्त झाली असतील तर प्रश्न मिटला. पाच-सहा जण राजीनामा देऊन गेले असतील तर मात्र मुख्याध्यापकांच्या गोड बोलण्याला भुलू नये. जिल्हा परिषदेत हा ताळा लागू पडत नाही. तिथे शिक्षक बदल्यांमुळेही हलतात. तिथे मुदत भरायच्या आत विनंती बदली मागणारे किती, ते शेजारच्या शाळेतल्या गुरुजींना विचारावं. ते सांगतात.