ऑनलाइन लेखनस्पर्धा: विजेता लाइक्स ठरवणार की परीक्षक?

ज्याचे मित्र जास्त, त्याची कथा पहिली! ऑनलाइन लेखनस्पर्धांबाबतची ही नेहमीची तक्रार. साहित्यातला मतांचा वाद जुनाच आहे. १९९७ मध्ये नगरला साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदासाठी निवडणुकीची पद्धत होती. यवतमाळच्या २०१९ च्या संमेलनासाठी मात्र अरुणा ढेरे यांची निवड मतदानाविना झाली.

मग स्पर्धेचा निकाल न्याय्य कसा लावायचा?

• नाव झाका: परीक्षकांना लेखनावर फक्त क्रमांक दिसावा.

• निकष आधी सांगा: आशय, भाषा, मांडणीला किती गुण, ते जाहीर करा.

• गुणांची बेरीज टाळा: एक परीक्षक ४० ते ९० गुण देतो, दुसरा ६५ ते ७०. बेरजेत निकाल पहिलाच ठरवतो. त्यापेक्षा दोघांनी लावलेले क्रम एकत्र करा.

• लाइक्स वेगळे: त्यांच्यासाठी ‘वाचकपसंती’चे बक्षीस ठेवा.