मोबाइलमधली मारहाण आणि आपली मुले

बोईसर-तारापूरच्या वस्त्यांत बहुतेक घरे एका खोलीची. वडील एमआयडीसीत रात्रपाळीला, आई दिवसभर राबून आडवी झालेली आणि सहा वर्षांचे मूल गोधडीत मोबाइल घेऊन जागे. गाणी बघत असेल, असे आपण समजतो. घरभेटीला गेल्यावर आम्ही मुलांना जवळ घेऊन विचारतो, तेव्हा उत्तर येते, "माणसाला मारत होते. खरं खरं." तो व्हिडिओ मुलाने शोधलेला नसतो. आपल्याच ग्रुपवर आलेला असतो.

याचे मुलावर काय होते?

लहान मुलाला जुने आणि नवे कळत नाही. एकच व्हिडिओ दहा वेळा दिसला, तर त्याला वाटते दहा माणसांना मारले. मग झोप उडते, दचकून उठणे, अंथरूण ओले करणे, पोटदुखी, एकटे न राहणे सुरू होते. आपण बाहेरची बाधा समजून दृष्ट काढतो किंवा धपाटा घालतो. दुसरे, मूल पाहून शिकते. १९६१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा यांनी लहान मुलांना मोठा माणूस बाहुल्याला बडवताना दाखवला. ते पाहिलेल्या मुलांनी बाहुल्याला तसेच बडवले. तिसरे, रोज पाहून मन बधिर होते आणि परका माणूस म्हणजे धोका असे वाटू लागते. पाहणारे प्रत्येक मूल हिंसक होत नाही, हेही खरे. घरात मारहाण, दारू असेल तर मात्र परिणाम वाढतो.

भीतीतून काय घडते, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, डहाणू तालुक्यातील गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. त्याआधी कित्येक दिवस चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची अफवा पसरली होती. ताब्यात घेतलेल्या शंभराहून अधिक लोकांत नऊ अल्पवयीन होते. नंतर त्या हत्येचा व्हिडिओ देशभर फिरला आणि त्याला खोटा धार्मिक रंग दिला गेला. दोष एका आदिवासी गावावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात अशाच अफवेने भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. त्या वर्षी देशभर फिरलेला मुले पळवण्याचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. शेवटचा खुलासा कापून तो पसरवला गेला.

आता आमची चूक सांगतो. जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या उना भागात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले. मारणाऱ्यांनीच व्हिडिओ काढून पसरवला. आम्हीही संतापाने तो ग्रुपवर पाठवला. त्या व्हिडिओमुळे देशाला अत्याचार कळला, आंदोलन उभे राहिले, हे खरेच. पण तो फोन रात्री कोणत्या मुलाच्या हातात असेल, हा विचार आम्ही केला नाही. आपल्यासारख्या माणसाला मार खाताना पाहून मूल काय शिकते? व्हिडिओ पुरावा आहे. तो जपून ठेवा, पोलिसांना, वकिलांना द्या. ग्रुपवर घटना शब्दांत लिहा.

घरात काय करावे?

• व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त जाऊन व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करा. 'चॅट्स'मध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की तो गॅलरीतही दिसत नाही.

• एक वर्षाखालील बाळाला स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपताना फोन मोठ्यांच्या उशाशी ठेवा.

• मुलाने असे काही पाहिले तर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते लपवेल. "काय पाहिलंस? भीती वाटली का?" असे विचारा. ते आता इथे घडत नाही, आम्ही जवळ आहोत, हे सांगा.

• मुले पळवणाऱ्यांचा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. शंका असेल तर ११२ ला फोन करा. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण विहारात ऐकतो, ती मोबाइललाही लागू आहे.

• महिनाभर झोप, भूक, वागणे सुधारले नाही तर सरकारी रुग्णालयात दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे.

आज रात्री मूल झोपण्याआधी त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा आणि विचारा, मोबाइलमध्ये आज काय पाहिलंस?