वाण्याची मागणी रास्त आहे

संध्याकाळी कामावरून परतणारी बाई पावशेर साखर आणि चहापत्तीची एक पुडी घेते. "वहीत लिहा, पगार झाला की देते." वाणी मान डोलावतो. इतक्या विश्वासावर चालणारा हा धंदा खरेदीच्या भावातच मार खातो. साखळी दुकानं आणि ऑनलाइन घाऊक विक्रेते यांना कंपन्यांकडून जी सवलत मिळते, ती वितरकाकडून माल उचलणाऱ्या वाण्यापर्यंत पोहोचत नाही. याच मुद्द्यावर जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता. पुढे २०२४ मध्ये वितरकांच्या देशव्यापी महासंघाने झटपट घरपोच सेवा देणाऱ्या ॲपविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. खर्चापेक्षा कमी भावात विकून ही ॲप दुकानं बंद पाडतात, ही तक्रार.

घोडं अडतं ते कायद्यात. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ४ नुसार अशी विक्री बेकायदा ठरते, पण विकणाऱ्याचं बाजारात वर्चस्व असेल तरच. ते सिद्ध होईपर्यंत छोट्या दुकानाने तग कसा धरायचा? सर्वांना सारखाच खरेदीभाव मिळावा, एवढंच वाणी मागतो आहे. ते त्याला मिळायलाच हवं.