सव्वापट म्हणजे फक्त बरोबरी

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात पाच-सात वर्षं काढलेल्या सॉफ्टवेअर इंजिनीअरपुढे कधी ना कधी दोन ऑफर येतात. एक पर्मनंट, वर्षाला १८ लाखांची. दुसरी सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टची, ‘पुढे वाढेल’ या तोंडी आश्वासनासह, महिन्याला पावणेदोन लाखांची. पहिलीचे महिन्याला दीड लाखच होतात. मग घरात दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, कायमची नोकरी कोणी सोडतं का? मित्र म्हणतात, हल्ली कायमचं असतं तरी काय?

मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला की कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस क्लायंटच्या बिलावर असलं पाहिजे आणि बेंचवरचे, म्हणजे प्रकल्पाविना बसून काढलेले दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. पुढच्याच महिन्यात कंपनीने एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार जणांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीतली नोकरी सरकारी नोकरीइतकी पक्की समजली जायची, तिथली ही गोष्ट. तरीही या नियमात ३५ दिवसांपुरता का होईना, बेंचचा पगार कंपनीच देते. कॉन्ट्रॅक्टवाल्याला पस्तिसातला एकही दिवस मिळत नाही.

दोन ऑफरमधला खरा फरक इथे आहे. काम नसलेल्या दिवसाचे, आजारपणाचे, सुट्टीचे आणि नवं शिकण्याच्या वेळेचे पैसे कोणी भरायचे? पर्मनंटमध्ये ते बहुतांशी कंपनी भरते, कॉन्ट्रॅक्टमध्ये आपण. कॉन्ट्रॅक्टचा चढा दर हे बक्षीस नसून कंपनीने आपल्या अंगावर टाकलेल्या जोखमीची ती किंमत असते. ती पुरेशी आहे का, एवढंच तपासायचं.

हिशोब कागदावर मांडता येतो. शनिवार-रविवार वगळले तर वर्षात कामाचे साधारण २६१ दिवस उरतात. पर्मनंट माणसाला या सगळ्या दिवसांचा पगार मिळतो. सण आणि रजा धरून तीसेक दिवस तो कामावर नसतो, तेही त्यात आले. कॉन्ट्रॅक्टवाल्याचे हे तीस दिवस बहुधा बिनपगारी. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये एखादा महिना रिकामा गेला, तर आणखी २१ दिवस वजा. उरले २१०. पावणेदोन लाखांच्या हिशोबाने वर्षाचे २१ लाख दिसतात, पण हातात येतात सुमारे १६ लाख ९० हजार. म्हणजे चढा वाटणारा दर अठरा लाखांच्या नोकरीपेक्षा कमीच पडला. नुसत्या बरोबरीसाठी महिन्याला एक लाख ८६ हजार हवेत, म्हणजे जवळपास सव्वापट. आई-वडिलांसह कुटुंबाचा आरोग्य विमा, सीएची फी, कधी स्वतःचा लॅपटॉप हे सगळं त्यावर. दीडपट मिळत असेल, तर कॉन्ट्रॅक्टमध्ये फायदा आहे असं म्हणता येईल.

आता ‘कॉन्ट्रॅक्ट’ या एकाच नावाखाली दोन निराळे प्रकार चालतात. पहिला थर्ड पार्टी पेरोल. काम बड्या क्लायंटचं, पगार व्हेंडरचा, आणि मध्ये कधी आणखी एक उपव्हेंडर. क्लायंट दिवसाला किती मोजतो आणि त्यातलं आपल्यापर्यंत किती पोहोचतं, हे आपल्याला सहसा कळत नाही. पीएफ कापला जातो, पण अनेकदा कायद्याने सक्तीच्या मर्यादेवरच, म्हणजे १५ हजारांचे १२ टक्के, महिन्याला १,८०० रुपये. नियुक्तिपत्रावर काय लिहिलंय त्यालाही महत्त्व आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पण व्हेंडरने तुम्हाला स्वतःचा नियमित कर्मचारी दाखवलं असेल, तर पाच वर्षांचीच अट लागते.

दुसरा प्रकार स्वतंत्र कन्सल्टंटचा. इथे पगार नसतो, बिल असतं. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, २६ आठवड्यांची प्रसूती रजाही नाही. सोय आहे ती कराची. पात्र व्यावसायिकांना वर्षाच्या जमेतला निम्मा भाग नफा धरून त्यावरच कर भरता येतो. जवळपास सगळी रक्कम बँकेतून आली असेल तर ही मुभा ७५ लाखांपर्यंत आहे. मात्र जमा २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आलीच. शिवाय वर्षभर एकाच कंपनीच्या हुकमाखाली, तिच्याच वेळेत काम केलं, तर हे उत्पन्न म्हणजे पगारच असा आक्षेप निघू शकतो. सीएला विचारायचं ते सही करण्याआधी, रिटर्न भरताना नव्हे.

कंत्राटी कोण आणि कर्मचारी कोण, हा वाद अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला होता. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं कायम कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसून तेच काम करणाऱ्या, पण वेगळ्या रंगाचा बॅज लावणाऱ्या कंत्राटी लोकांनी १९९२ मध्ये दावा लावला. आम्हालाही कर्मचाऱ्यांसारखेच शेअर सवलतीत मिळायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. २००० मध्ये सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड झाली. कंत्राटी मंडळी जिंकली खरी, पण कंपनीने या दाव्यातून धडा वेगळाच घेतला. वर्षभर काम झालं की कंत्राटी माणसाला १०० दिवस बाहेर ठेवायचं, असा नियम आला. कॉन्ट्रॅक्ट वाढत वाढत आपोआप पर्मनंट होईल, अशी आशा धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडच्या ‘कॉन्ट्रॅक्ट टू हायर’ ऑफरमध्ये कधी आणि कोणत्या पगारावर घेणार, हे लेखी नसेल तर पुढचे दोन शब्द नाहीतच असं समजून दर ठरवावा.

पैशात न बसणाऱ्या बाबीही आहेत. गृहकर्जासाठी नोकरदाराला काही महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ पुरतात. कन्सल्टंटकडे बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. फ्लॅट घ्यायचा असेल, तर नोकरीत असतानाच कर्ज मंजूर करून घेणं शहाणपणाचं. दुसरं शिकण्याचं. कॉन्ट्रॅक्टवाल्याला बोलावतात ते त्याला आज जे येतं त्यासाठी. चार वर्षं तेच विकत राहिलं की पाचव्या वर्षी गिऱ्हाईक दुसऱ्या तंत्राकडे वळलेलं असतं. फ्रेशरने म्हणूनच पहिली तीन-चार वर्षं शक्यतो अशा ठिकाणी काढावीत, जिथे कोणी वरिष्ठ त्याचा कोड वाचून चुका दाखवतो.

उलट दहा-बारा वर्षांचा अनुभव, बाजारात मागणी असलेलं एखादं कौशल्य, जोडीदाराच्या कंपनीचा विमा आणि फिटत आलेलं कर्ज एवढं जमून आलं असेल, तर कॉन्ट्रॅक्टला नाकं मुरडायचं कारण नाही. अशा माणसाला कॉन्ट्रॅक्टमध्ये पर्मनंटपेक्षा जास्त पैसे आणि कमी राजकारण मिळू शकतं.

पण सव्वापट की दीडपट, हे शेवटी ठरतं ते ‘नको’ म्हणण्याच्या ताकदीवर. ज्याच्या खात्यात सहा महिन्यांचा घरखर्च पडून नाही, तो व्हेंडरने सांगितलेला पहिलाच दर मान्य करतो, कारण पुढच्या महिन्याचा हप्ता डोक्यावर असतो. म्हणून ज्याला कॉन्ट्रॅक्टच्या वाटेने जायचं आहे, त्याने तयारीही पर्मनंट नोकरीत असतानाच करावी. आधी सहा महिन्यांचे पैसे बाजूला काढावेत आणि मग राजीनामा लिहावा.